दुसरा बेंजो

विष्णुपुरीच्या त्या फ्लॅटमध्ये पाय ठेवला आणि सगळ्यात आधी आला तो गादीचा वास. कापसाचा, जुन्या खोळीचा, त्यात कुणाच्या तरी डोक्याच्या खोबरेल तेलाचा. चारी भिंतींना गाद्या टांगलेल्या. खिडकीवर खिळे मारून गोधडी लावलेली, दाराच्या फटीत चादरीची वळकटी. पंखा बंद, कारण पंख्याचा आवाज माईकमध्ये येतो म्हणे. चैत्रातली दुपार, वर तापलेला स्लॅब, आणि आत चार-पाच पोरं घामानं निथळत बसलेली.

"मामा, वायरीवर पाय नका देऊ," माझी भाची म्हणाली. समता. माझ्या धाकट्या बहिणीची, विमलची मुलगी. इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकते आणि जाड तारांची गिटार वाजवते. तिनं आणि तिच्या दोस्तांनी मिळून बँड काढलाय. लग्नातला नव्हे, यांचा वेगळा. त्यांच्या पहिल्या रेकॉर्डचं काम त्या दिवशी होतं.

मी काखेत बेंजोची पेटी धरून दारातच उभा होतो. त्या वासानं पाय धरून ठेवले होते.

"आत या की मामा."

आत या. हे दोन शब्द ऐकायला मला लई वर्षं लागली.

कारण अशाच गाद्या टांगलेली एक खोली मी याआधीही पाहिली आहे, लातुरात, गंजगोलाईमागच्या एका गल्लीत. तिथंही रेकॉर्डिंग होतं, आमच्या बेंजो पार्टीचं. आणि तिथं मला आत घेतलं नव्हतं. मी मनात ठेवणारा माणूस आहे. उदगीरच्या मोंढ्यात माझी आडत आहे, तूर आणि हरभरा घेतो. तिथं कुणालाही विचारा, हा माणूस भांडतो, पण विसरत नाही असंच सांगतील. आज मी एवढ्या उन्हात एसटीनं नांदेडला आलो होतो ते मामाच्या मायेनं नाही. मला या खेपेला आत बसून वाजवायचं होतं. रेकॉर्डवर माझा हात ऐकू यायला पाहिजे होता. बस, एवढंच.

*

आमची वस्ती लातुरात रेल्वेच्या रुळांपलीकडं होती. बाप तेलाच्या गिरणीत हमाल. गिरणीची शिट्टी झाली की वारा फिरायचा आणि सगळ्या वस्तीवर भाजक्या शेंगदाण्याच्या पेंडीचा वास पसरायचा. त्या वासानं भूक लागायची आणि त्याच वासानं ती भागल्यासारखी वाटायची. अजूनही कुठं पेंडीचं पोतं उघडलं की मला बापाची बंडी दिसते, पाठीवर तेलाचा काळा नकाशा उमटलेली.

वस्तीच्या तोंडाशी गफूर मास्तरचं सायकलचं दुकान. दिवसा पंक्चर आणि दिवेलागणीला बेंजो. पंक्चरच्या सोल्युशनचा तो गोड, डोक्यात जाणारा वास आणि त्यात मास्तरच्या विडीचा धूर. मास्तर बेंजो मांडीवर घ्यायचा. टाइपरायटरसारखी बटणं, खाली तारा. डाव्या हाताची बोटं बटणांवर अशी पळायची की कुणी मूठभर ज्वारी फरशीवर सांडली असावी. उजव्या हातात तारा छेडायची नखी. ती तो तुटक्या कंगव्यातून कापायचा, ब्लेडनं घासायचा, गालाला लावून बघायचा. टोचली तर पुन्हा घासायचा. मला वाटतं, माझ्या आयुष्यात मी इतकं मन लावून केलेली दुसरी गोष्ट पाहिली नाही.

लगीनसराई सुरू झाली की पार्टी निघायची. हातगाडीवर बॅटरी आणि भोंगे, पुढं ढोल-ताशे, खुळखुळे, दोन्ही बाजूंना डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेल्या बायका. गॅसबत्तीचा तो सूं सूं आवाज आता कुठं राहिला? मेंटलची जाळी जळून नुसती राख उरायची आणि ती राखच उजेड द्यायची. बोट लावलं की संपलं. बत्तीवाल्या बायका नाचणाऱ्यांकडं बघायच्या नाहीत. माना ताठ, नजर समोर. त्यातली एखादी ओठ न हलवता गाणं गुणगुणायची, ते फक्त शेजारून चालणाऱ्याला ऐकू जायचं. मोगऱ्याचा वास, रॉकेलचा वास, घोड्याच्या लिदीचा वास. वरातीचा वास म्हणजे हे सगळं मिळून. यातलं एक काढलं तर ती वरात नव्हे.

आणि चैत्रात जयंती. आख्खी वस्ती पांढरी आणि निळी. बायांच्या पदरांना इस्त्रीचा कढत वास, घराघरात खीर. त्या दिवशी मास्तर कुणाचं आमंत्रण घ्यायचा नाही. त्या दिवशी तो आमचा. वस्तीतून निघालेली मिरवणूक चौकात पोचली की एक क्षण सगळे ढोल बंद करायचा आणि एकट्या बेंजोवर भीमगीताची पहिली ओळ वाजवायचा. माझी आई, जी कधी कुणासमोर बोलली नाही, ती त्या ओळीला मोठ्यानं गायची. एरवी तिचा आवाज कसा आहे हे आम्हालाही माहीत नव्हतं.

त्या पार्टीत मी दोन कामं करायचो. एक म्हणजे सुपारी धरायची. लग्नवाला विड्याच्या पानावर सुपारी ठेवून हातात देतो, मग पार्टी बांधली गेली. पण त्याआधीची ओढाताण माझी. मिसरूड फुटायच्या आधीपासून हे काम माझ्याकडं आलं, कारण मास्तरला भाव करायची लाज वाटायची. मी लग्नघरी जायचो, मांडवाकडं बघायचोच नाही. मांडव भाड्याचा असतो, तो खोटं बोलतो. मी परसात उपड्या घातलेल्या पातेल्यांकडं बघायचो. पातेली किती मोठी, त्यावरून घरवाल्याचा जीव केवढा ते कळतं. मग पहिला चहा घ्यायचा, दुसरा नाकारायचा. दुसरा चहा घेतला की माणूस नरम पडतो.

"ये छोरा नई, वकील है," मास्तर म्हणायचा. तेच नाव पडलं. वकीलसाब.

दुसरं काम म्हणजे दुसरा बेंजो. मास्तरचा पहिला, माझा दुसरा. तो गळ्यात अडकवून मी हातगाडीच्या डाव्या अंगानं चालायचो. दोन भोंगे माझ्या कानाशी, पुढं ढोल, मागं पोरांचा कल्ला. बोटं बटणांवर पळत असायची आणि माझ्या आतून काहीतरी वर यायचं. लोक आमच्याकडं बघून नाचायचे. आमच्याकडं, म्हणजे माझ्याकडंही. उतारावर गंजगोलाई दिसायची, गोल, दिव्यांनी फुललेली, आणि मला वाटायचं हे सगळं मी वाजवतोय.

*

मग ती कॅसेट. एका फोटो स्टुडिओवाल्याच्या डोक्यात आलं की गफूर मास्तरची कॅसेट काढावी. आठवडाभर पार्टीत दुसरं बोलणं नव्हतं. मी नवा शर्ट शिवून आणला, निळा. आईनं बटणं पुन्हा घट्ट केली.

त्या सकाळी स्टुडिओच्या मागच्या खोलीच्या दारात पोचलो तेव्हा आत गाद्या टांगून झाल्या होत्या. ढोलवाला, खुळखुळेवाला आत गेले. मास्तर दारात उभा होता. त्यानं माझ्या गळ्यातला बेंजो काढून घेतला आणि मागून आलेल्या दत्तूच्या हातात दिला. दत्तू मुखेडचा, पार्टीत येऊन त्याला एक हंगामही झाला नव्हता.

"वकीलसाब, तुम बाहर ठैरो," मास्तर म्हणाला. "गल्ली कू चुप कौन कराएगा? तुमारे सिवा किसकू जमता?"

"आन् बेंजो?"

"बजाता वो. तुम गल्ली देखो ना, मियाँ."

माझ्याकडं न बघता तो नखी शर्टाला पुसत होता. मग दार लागलं.

मी दिवसभर गल्ली गप्प केली. भंगारवाल्याला मागं फिरवला. नळावर भांडणाऱ्या दोन बायांच्या पाया पडलो. टांगेवाल्याला घोड्याच्या गळ्यातली घुंगरं काढायला लावली. आइस्कांडीवाला मात्र ऐकेना, घंटी वाजवत थेट दारापर्यंत आला, तेव्हा मी त्याच्यावर असा ओरडलो की गल्लीतली कुत्री उठून गेली. कॅसेट निघाली तेव्हा दुसऱ्या गाण्याच्या शेवटी तो ओरडा बारीकसा आला होता. "अय, मुका हो ना भाड्या." कॅसेटवर मी आहे तो एवढाच. वस्तीत पोरं मुद्दाम तेवढीच जागा पुन्हा पुन्हा लावायची.

मी पार्टी सोडली. उदगीरला आलो, मोंढ्यात पोती उचलली, मग मापं धरली, मग आडत. हत्ता शिकलो, रुमालाखाली हात घालून दुसऱ्याची बोटं दाबून भाव ठरवायचा आणि तोंडावर काही दिसू द्यायचं नाही. मला ते सोपं गेलं. राग आत ठेवून चेहरा कोरा ठेवायची सवय होतीच. ज्यांनी मला दारात उभं केलं त्यांना दाखवायचं होतं, आणि मी दाखवलं. किल्ल्याच्या बाजूला घर बांधलं. दोन्ही बहिणींची लग्नं मी लावली. त्या लग्नांत बेंजो नव्हता.

पार्टी उदगीरच्या लग्नांना यायचीच. वरात मोंढ्यातून जायची. लांबून ताशा ऐकू आला की मी शटर ओढून घ्यायचो आणि आत पोत्यांवर बसून राहायचो. तुरीचा कोरडा वास, गोणपाटाची टोचणारी कूस, शटरच्या फटीतून येणारी उजेडाची रेघ. आणि दर वेळी, न चुकता, वरात माझ्या बंद शटरसमोर थांबायची. एक आख्खं गाणं तिथं वाजायचं, आणि मगच पुढं जायची. मला खिजवायला, मी म्हणायचो. आत बसून शिव्या घालायचो. बोटं मात्र मांडीवर पळत असायची.

मास्तर वारला तेव्हा मी मातीला गेलो नाही. नंतर त्याच्या पोरानं दुकानातलं सामान काढलं, त्याचं आता मोबाइलचं दुकान आहे. तेव्हा मी जाऊन दुसरा बेंजो घेतला. पहिला नको म्हणालो. पोरगा म्हणाला, "चाचा, अच्छावाला तो ये है." मी म्हणालो, मला जो माझा आहे तो दे. तासभर घासाघीस केली. तो कंटाळून म्हणाला, अब्बा सांगायचे तसेच आहात तुम्ही. काय सांगायचे, हे मी विचारलं नाही.

*

समताला तो बेंजो माझ्या माळ्यावर सापडला. सुट्टीत आईसोबत उदगीरला आली होती. धूळ झटकून तिनं बटणं दाबली, तारा छेडल्या, आणि तिथंच मांडी घालून बसली.

"मामा, हा मला द्या. आमच्या गाण्यात घालायचाय."

"कसलं गाणं?"

तिनं मोबाइलवर ऐकवलं. तिच्या बँडचं नाव 'तापला पत्रा'. विमलनं ते नाव ऐकून कपाळाला हात लावला होता. गाण्याचं नाव 'चप्पल'. मुखेडच्या बाजारात एका पोरीची एक चप्पल हरवते आणि ती एका पायानं आख्खा बाजार पालथा घालते. कथा काही नाही, पण खालून त्या जाड तारा अशा उड्या मारत होत्या, आणि ड्रम त्यांना दर वेळी थोडंसं अडवून सोडत होता, की माझा उजवा गुडघा माझं ऐकेना. याला फंक म्हणतात, समता म्हणाली. यात नाचवायचं काम खालच्या सुरांचं असतं.

"बेंजो पाहिजे तर सोबत मी येणार," मी म्हणालो.

"म्हणजे?"

"वाजवणार मी. आन् माझं वाजवलेलं गाण्यात राहणार. काढून टाकायचं न्हाई. शब्द दे."

"मामा, आमच्याकडं फैजान हाय. कीबोर्ड वाजवतो, त्याला जमंल हे. तुम्ही कशाला त्रास—"

"मग बेंजो माळ्यावर."

ती हसली. मी हसलो नाही. तिनं घासाघीस करून बघितली. बेंजो भाड्यानं द्या म्हणाली, दोन ओळी तुम्ही आणि बाकी फैजान म्हणाली, नाव टाकू तुमचं म्हणाली. मी ढळलो नाही. शेवटी विमल आतून ओरडली, "अगं दे ना शब्द, तो जीव घील तुझा." तिनं माझ्या हातावर हात मारला. आमच्या घरात शब्द दिला की दिला. हे तिला मीच शिकवलंय.

*

तर त्या दुपारी मी आत गेलो. चप्पल काढली, वायरी ओलांडल्या, खुर्चीवर बसलो. फैजाननं बेंजोला वायर जोडून दिली. कॉम्प्युटरवर ओंकार नावाचा पोरगा होता, त्यानं माझ्या कानांवर हेडफोन चढवला. आत टक् टक् टक् असा आवाज सुरू.

"याच्यासोबत चालायचं, काका," तो म्हणाला.

चाललो. डोळे मिटले आणि बोटं सोडली. गाद्यांचा वास, घाम, तारांचा लोखंडी वास बोटांना. मला गॅसबत्त्या दिसल्या. आईचा पदर दिसला. मी वाजवलं, आणखी एकदा वाजवलं, ते म्हणाले अजून एकदा, मी अजून एकदा वाजवलं. घामानं बटणं निसरडी झाली. समता तिची गिटार मांडीवर घेऊन समोर बसली होती, बोटांच्या टोकांना पट्ट्या चिकटवलेल्या. ती माझ्या हाताकडं बघत होती.

मग ओंकारनं ते ऐकवलं. आधी सगळं एकत्र. कल्ल्यात मला काही कळलं नाही. मी म्हणालो, माझं एकट्याचं लाव. त्यानं समताकडं पाहिलं. "लाव की," मी आवाज चढवला. त्यानं लावलं.

वरातीत दुसरा बेंजो कुणाला ऐकू येत नाही. भोंगे, ढोल, पोरांचा कल्ला. वाजवणाऱ्यालाही येत नाही. त्या सगळ्या हंगामांत मी मला कधी ऐकलंच नव्हतं.

आता ऐकलं. प्रत्येक सूर टक् टक्च्या मागं पडत होता, थोडाच, पण प्रत्येक. मग तो गाठायला घाई करत होता आणि घाईत शेजारच्या बटणालाही ठोकरत होता. एसटीमागं धावणाऱ्या माणसासारखं माझं वाजत होतं, पिशवी हिंदकळत, हात वर करत. कधीतरी एकदा हात नीट पडला तर तो चुकून पडल्यासारखा ऐकू आला. आणि हे आजचं नव्हतं, वयाचं नव्हतं. हा हात मी ओळखला. हा पहिल्यापासून असाच होता.

मास्तर उजव्या अंगाला चालायचा. त्याचा कान माझ्याकडं असायचा. एवढ्या वरातींत.

ओंकारनं आवाज बंद केला. समता उठली आणि माझ्याजवळ येऊन वायरीची पिन हलवून बघितली.

"मामा, या वायरीत घरघर येऊन राहिली."

"मला नाही आली ऐकू."

"बारीक हाय. स्पीकरात न्हाई कळत. पण नंतर त्रास देते."

"मग दुसरी लाव. परत घेऊ."

"दुसरी न्हाई."

"ही तुझ्या गिटारची हाय की."

"तिची पिन वेगळी हाय, मामा."

मी दोन्ही पिना हातात घेतल्या. मूठभर तूर हातात घेतली की मला तिची ओल कळते. लोक मला खोटं सांगतात आणि मी ते ऐकून घेतो, त्याच्यावरच माझं घर चालतं. पिना सारख्या होत्या. समतानं पाहिलं की मी पाहिलंय. फैजान दुसरीकडं बघायला लागला. ड्रमवाला पोरगा बुटाची नाडी बांधायला खाली वाकला. त्याच्या पायांत बूट नव्हते.

आता सौदा नुसता माझ्याकडं ओढायचा बाकी होता. शब्द दिलाय म्हणालो असतो तर तिनं ठेवलं असतं. तोंड पाडून, पण ठेवलं असतं. रक्त आमचंच आहे. त्या गाण्यात, पोरांच्या पहिल्या रेकॉर्डवर, तो पिशवीवाला माणूस कायमचा धावत राहिला असता. भावात अशी एक जागा येते, जिथं समोरच्याकडं देण्यासारखं काही उरलेलं नसतं आणि तरी तो नाही म्हणत नाही. ती जागा ओळखायला मला मोंढ्यानं शिकवलं. पण तिथं थांबायला मी कधी शिकलो नव्हतो. समता नखानं बोटावरची पट्टी खरवडत उभी होती. तिनं 'मामा, तुम्हाला वाजवता येत नाही' असं म्हटलं नाही. त्यापेक्षा तिनं माझ्या शिव्या खाल्ल्या असत्या.

आणि मला लातुरातल्या दारातला तो माणूस दिसला, शर्टाला नखी पुसणारा. त्यानं खाल्ल्या होत्या. मरेपर्यंत.

"घरघर हाय खरी," मी म्हणालो. "आता आली मला ऐकू."

कुणीतरी श्वास सोडला.

"वायर कुठं मिळते इथं?"

"असू द्या मामा, लई ऊन हाय."

"कुठं मिळते ते सांग."

कॉलेजच्या फाटकासमोर एक इलेक्ट्रिकचं दुकान होतं. उन्हात डांबर चिकटत होतं. दुकानदारानं वायर काढून दिली आणि भाव सांगितला. मी भांडलो. असा भांडलो की दुकानात उभी असलेली दोन पोरं बाहेर जाऊन उभी राहिली. वायरीचं वेटोळं उलटसुलट केलं, पिन खरवडली, पितळ नाही म्हणालो, तुमच्यासारख्यांनी बाजार बुडवला म्हणालो, लातुरात याच्या निम्म्यात मिळते म्हणालो. घसा कोरडा पडला. डोळ्यांत घाम जात होता, तो रुमालानं पुसत मी बोलतच होतो.

"काका, वायर हाय ती," दुकानदार शेवटी म्हणाला. "कुणी मेलं का तुमचं?"

त्यानं माठातलं पाणी दिलं. मी ते प्यालो आणि त्यानं सांगितला त्याहून जरा कमी भाव देऊन वायर घेतली. फुकट मात्र मी कुणाचं ऐकत नाही.

वर आलो तेव्हा पोरं कलिंगड कापून बसली होती. समतानं हात पुसले, नवी वायर घेतली. आधीची चांगली वायर बेंजोमधून काढून नीट गुंडाळून बाजूला ठेवली आणि नवी जोडली. चेहऱ्यावर रेघ नाही. मग तार छेडून कान दिला.

"आता?" मी विचारलं.

"आता न्हाई घरघर. एकदम साफ." मग बेंजो माझ्याकडं सरकवत म्हणाली, "बसा मामा, घेऊ पुन्हा."

ती बसवणार होती मला. खरोखर. शब्द तिच्याकडून अजून सुटला नव्हता.

"आता नको," मी म्हणालो. "बोटं दुखून राहिली. फैजानला बसू दे. बेंजो राहू दे इथंच, नेण्याआणण्याला कोण बसलंय."

समतानं माझा डावा हात हातात घेतला. एक एक बोट उघडून तिनं बघितलं, डॉक्टरणीसारखं, अगदी सावकाश. तिथं काही नव्हतं.

"हाव मामा," ती म्हणाली. "लई सुजलीत."